डेंटल असिस्टंटचे नेहमीचे प्रश्न: हिस्टरी, भूल आणि आजारी पेशंट

सांगली, मिरज, कराड, सातारा, फलटण या भागांत दातांच्या दवाखान्यात नव्याने लागलेल्या मुला-मुलींकडून आणि काही जुन्या असिस्टंटकडूनही जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. औषधांचे आकडे तुम्ही स्वतः औषध द्यावं म्हणून दिलेले नाहीत. डॉक्टर काय मागणार आहेत आणि का, हे आधी कळावं एवढ्यासाठी ते आहेत.

१. असिस्टंटने नेमकं काय करायचं? डॉक्टर घाईत असले तर इंजेक्शन दिलं तर चालतं का?

चालत नाही. भूल देणं, दात काढणं, औषध लिहून देणं ही कामं डॉक्टरांचीच. दात साफ करणं म्हणजे स्केलिंगसुद्धा डॉक्टर किंवा नोंदणीकृत हायजिनिस्टच करू शकतात. तुमच्याकडे येतं ते असं: हिस्टरी विचारून केस पेपरवर लिहिणं, बीपी-नाडी-शुगर मोजणं, ट्रे लावणं, सक्शन धरणं, हत्यारं देणं-घेणं, मटेरियल कालवणं, निर्जंतुकीकरण, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे पेशंटच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवणं. डॉक्टरांची नजर एका दाढेवर असते. पेशंट पांढरा पडतोय हे आधी तुम्हाला दिसणार.

२. हिस्टरी विचारली की पेशंट "काही नाही" म्हणतो. मग काय लिहायचं?

"काही नाही" हे उत्तर बहुतेक वेळा प्रश्न चुकल्यामुळे येतं. "काही आजार आहे का?" असं विचारलं की गोळ्यांनी आटोक्यात असलेला आजार लोक मोजतच नाहीत. बीपीची गोळी चालू आहे म्हणजे बीपी "बरं" आहे, असा साधा हिशोब असतो. म्हणून आजार विचारू नका, गोळी विचारा: "काकू, सकाळी उठल्यावर कुठली गोळी घेता? रात्री झोपताना?" नाव आठवत नसेल तर पिशवीतली पाकिटं बाहेर काढायला सांगा, नाहीतर घरी फोन लावून गोळीच्या पट्टीचा फोटो मागवा. पट्टीवरचं नाव जसंच्या तसं केस पेपरवर उतरवा. "बीपीची गोळी" एवढं लिहून डॉक्टरांना काही कळत नाही.

त्यानंतर हे प्रश्न, याच शब्दांत:

"कधी दवाखान्यात ॲडमिट होता का? कशासाठी?" ऑपरेशन विचारलं तर स्टेंट सांगत नाहीत. अँजिओप्लास्टी म्हणजे ऑपरेशन, असं अनेकांना वाटतच नाही.

"रक्त पातळ व्हायची गोळी आहे का?" (प्रश्न ११)

"कावीळ झाली होती का? पांढरी कावीळ कुणी सांगितली होती का?" पांढरी कावीळ म्हणजे बहुधा हिपॅटायटिस बी.

"दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे का? टीबीची औषधं चालू आहेत का?"

"आधी दात काढला तेव्हा रक्त किती वेळ आलं? चक्कर आली होती का? इंजेक्शनने काही त्रास झाला होता का?"

बायकांना "तंबाखू खाता का?" विचारलं तर "छे!" असंच उत्तर येणार. "मिश्री लावता का?" म्हटलं की "ती काय, सकाळ-संध्याकाळ," असं कळतं. आपल्याकडे मिश्री हे दंतमंजन समजलं जातं, व्यसन नव्हे. मिश्री, मावा, गुटखा ही तिन्ही नावं वेगवेगळी घ्या. तोंड किती उघडतं तेही इथेच बघा. पेशंटचीच तीन बोटं उभी आत जात नसतील तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण सुई आणि सक्शन दोन्हीची जागा बदलते.

शेवटचा प्रश्न रोज, प्रत्येकाला: "आज काय खाल्लं?" संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, रोजे. उपाशीपोटी आलेला पेशंट खुर्चीत चक्कर येऊन पडण्याची शक्यता बरीच वाढते. ऊसतोडीच्या हंगामात पहाटेपासून फडात राबून थेट आलेली माणसंही यातच धरा.

३. बीपी दर वेळी वेगळं येतं. नीट कसं मोजायचं आणि किती आलं की थांबायचं?

जिना चढून आलेल्याचं लगेच मोजू नका. पाच मिनिटं बसू द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नको, हात टेबलावर आणि पट्टा हृदयाच्या पातळीला. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली असेल तर तसं लिहा. ब्लाउजच्या घट्ट बाहीवरून पट्टा गुंडाळला की आकडा चुकतो. जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर बीपी खोटंच जास्त दिसतं. मोजताना पेशंटशी बोलू नका. डायलिसिसची फिस्टुला (सुई टोचण्यासाठी ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी) ज्या हातात आहे त्या हाताला पट्टा लावायचा नाही. स्तनाचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हातही सोडा.

१६०/१०० च्या वर आलं तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे डॉक्टरांना सांगा. १८०/११० किंवा त्याहून जास्त असेल तर न अडणारं काम त्या दिवशी होत नाही, पेशंटला त्याच्या फिजिशियनकडे पाठवतात. सोबत डोकेदुखी, छातीत दुखणं किंवा नजर अंधुक असेल तर थेट १०८. "आज बीपीची गोळी घेतली का?" हेही विचारा. दात काढायचाय म्हणून मुद्दाम गोळी न घेता येणारे बरेच असतात.

४. ट्रे लावताना आणि सक्शन धरताना सतत बोलणी बसतात. कुठे बसायचं, काय धरायचं?

पेशंटचं डोकं म्हणजे घड्याळाचं तोंड, डोक्याची वरची बाजू १२ वर, असं धरा. डॉक्टर उजव्या हाताने काम करत असतील तर ते ८ ते ११ मध्ये बसतात आणि तुम्ही २ ते ४ मध्ये. तुमचं स्टूल डॉक्टरांपेक्षा १० ते १५ सेंटिमीटर उंच हवं, नाहीतर तोंडातलं काही दिसत नाही. उजव्या हातात मोठं सक्शन, डाव्या हातात थ्री-वे सिरिंज (हवा-पाणी मारायची). हत्यारांची देवाणघेवाण ४ ते ७ च्या पट्ट्यात, छातीजवळ करायची, पेशंटच्या डोळ्यांवरून कधीच नाही.

सक्शनची टीप आधी जागेवर, मग हँडपीस आत. टीपचा तिरका भाग दाताला समांतर ठेवा. मऊ टाळू किंवा जिभेच्या मुळाला टेकवली की उमाळा येतो. गाल आत ओढला गेला तर टीप खेचू नका, थोडी फिरवा, हवा शिरली की सुटते.

५. भुलेच्या बाटल्या सारख्याच दिसतात. गोंधळ कसा टाळायचा?

३० मिलिच्या बाटलीवर तीन गोष्टी वाचा: औषध (बहुधा लिग्नोकेन २ टक्के), ॲड्रिनलिन (रक्तवाहिन्या आकसवून भूल जास्त वेळ टिकवणारं औषध) आहे की नाही आणि असल्यास १:८०,००० की १:२,००,०००, आणि एक्स्पायरी. भरल्यावर बाटली डॉक्टरांना दाखवा आणि नाव मोठ्याने बोला. औषध पिवळट किंवा तपकिरी झालं असेल तर ॲड्रिनलिन खराब झालंय, बाटली टाकून द्या. उघडल्याची तारीख लेबलवर लिहा आणि २८ दिवसांनंतर वापरू नका. रबरी बूच दर वेळी स्पिरिटने पुसून वाळू द्या. प्रत्येक पेशंटला नवी सिरिंज, नवी सुई. बुचात सुई खोचून ठेवायची आणि त्यातूनच दिवसभर भरत राहायचं, ही सवय दिसली तर तिथेच मोडा. एकाचा संसर्ग सगळ्यांना जायचा तो रस्ता आहे.

खरी भीती दुसरीच. रूट कॅनॉल धुण्याचं हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट हेही पाण्यासारखंच दिसतं. दोन्ही २ मिलिच्या सिरिंजमध्ये भरून एका ट्रेवर ठेवलं आणि भुलेच्या जागी हायपो टोचलं गेलं, तर आतलं मांस अक्षरशः जळतं. उपाय सोपा आहे. भूल २ मिलिच्या सिरिंजमध्ये, हायपो ५ मिलिच्या सिरिंजमध्ये, तेही बाजूला छिद्र असलेल्या सुईने आणि वर रंगीत पट्टी चिकटवून. भूल देऊन होईपर्यंत हायपो भरायचंच नाही.

६. डॉक्टर "याला जास्त देता येणार नाही" म्हणतात. हा हिशोब कसा असतो?

२ टक्के म्हणजे १ मिलिमध्ये २० मिग्रॅ लिग्नोकेन. ॲड्रिनलिन नसेल तर कमाल मर्यादा किलोमागे ४.४ मिग्रॅ. १५ किलोच्या मुलाला ६६ मिग्रॅ, म्हणजे ३.३ मिलि. दोन्ही बाजूंच्या दाढा एकदम करायला घेतल्या की ही मर्यादा पटकन गाठली जाते. म्हणून मुलाचं वजन काट्यावर करून लिहा. "असेल पंधरा-वीस" हे वजन नव्हे. ॲड्रिनलिन असलेल्या भुलेला मोठ्यांसाठी किलोमागे ७ मिग्रॅ आणि एकूण ५०० मिग्रॅ धरतात.

हृदयाच्या पेशंटला लिग्नोकेनच्या आधी ॲड्रिनलिनची मर्यादा येते, ती एका वेळी साधारण ४० मायक्रोग्रॅम. १:८०,००० च्या १ मिलिमध्ये १२.५ मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे ३.२ मिलिला हद्द संपली. १:२,००,००० मध्ये तीच हद्द ८ मिलिवर येते. किती मिलि गेलं हे तुम्ही मोजत राहा आणि केस पेपरवर लिहा.

एक फसवा अपवाद: मायग्रेन, हात थरथरणे किंवा थायरॉइडसाठी प्रोप्रॅनोलॉल घेणारे. ते स्वतःला हृदयाचे पेशंट म्हणत नाहीत, पण ॲड्रिनलिनने त्यांचं बीपी एकदम चढू शकतं. पट्टीवर हे नाव दिसलं की भूल भरण्याआधी डॉक्टरांना सांगा.

७. भूल दिली तरी दुखतंय म्हणतात. औषध खराब असतं का?

क्वचित. वरच्या दाताला हिरडीत दिलेली भूल दोन-तीन मिनिटांत लागते. खालच्या दाढेच्या ब्लॉकला (मुख्य नसेजवळ दिलेल्या भुलेला) पाच मिनिटं आणि कधी त्याहून जास्त लागतात. ओठ जड झाला का, हे विचारल्याशिवाय फोर्सेप पुढे करू नका. पू असेल तर तिथली आम्लता वाढलेली असते आणि औषध नसेच्या आत शिरत नाही. अशा वेळी डॉक्टर लांबून ब्लॉक देतात किंवा आधी पू काढून अँटिबायोटिकवर ठेवतात. शिवाय "दाबल्यासारखं वाटेल, पण दुखणार नाही" हे आधीच सांगून ठेवा. दाब आणि दुखणं यांत पेशंटची गफलत होते.

भुलेचा स्प्रे थेट घशाकडे मारू नका. घसा बधिर झाला की श्वास अडकल्यासारखं वाटून पेशंट घाबरतो. कापसावर मारा, हिरडी कोरडी करा आणि कापूस मिनिटभर धरून ठेवा.

८. सुईला टोपण परत लावायचं की नाही?

दोन हातांनी कधीच नाही. टोपण ट्रेवर आडवं ठेवा, एका हाताने सुई त्यात सरकवा, मग उभं करून बसवा. काम झालं की सुई पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस-गॉज आणि काढलेला दात पिवळ्यात, काचेची बाटली निळ्यात. चांदी भरलेला दात मात्र पिवळ्यात टाकू नका. तो जाळला की पारा हवेत जातो. वेगळा ठेवून डॉक्टरांना विचारा.

९. इंजेक्शननंतर पेशंट पांढरा पडला, घाम फुटला. आधी काय?

बहुतेक वेळा ही साधी चक्कर असते. सगळी हत्यारं आणि कापूस तोंडातून बाहेर काढा, खुर्ची आडवी करा, पाय डोक्यापेक्षा वर घ्या. कॉलर आणि बेल्ट सैल करा. नाडी बघा, ऑक्सिजन लावा. एक-दोन मिनिटांत माणूस बोलायला लागतो. लगेच उठवून बसवलं तर परत पडतो. बाई गरोदर असेल तर पूर्ण आडवं न करता डाव्या कुशीवर वळवा. शुद्ध दोन-तीन मिनिटांत आली नाही तर ती साधी चक्कर नव्हे: शुगर तपासा, १०८ ला फोन लावा.

तोंडाभोवती मुंग्या, कानात आवाज, तोंडात लोखंडाची चव, उगाच बडबड किंवा बोबडं बोलणं, मग हातपाय थरथरणं, हे औषध जास्त झाल्याचं किंवा रक्तवाहिनीत गेल्याचं लक्षण आहे. पेशंट "गप्पा मारतोय" म्हणून खूश होऊ नका.

१०. शुगरच्या पेशंटला कधी बोलवायचं? उपाशी यायचं का?

उपाशी अजिबात नाही. नाश्ता आणि नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन सकाळी बोलवा आणि वेळेवर आत घ्या. धोका गोळी घेतली आणि खाल्लं नाही याचा असतो. ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिनवाले यात पुढे. लोणंद, तरडगाव, फलटणकडे पालखीच्या दिवसांत दाढ धरून येणाऱ्या वारकऱ्यांकडे ना कागद असतो ना जेवणाची वेळ. त्यांची शुगर खुर्चीत बसण्याआधीच ग्लुकोमीटरवर बघा.

७० च्या खाली आली, किंवा घाम, थरथर, चिडचिड दिसली तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात द्या आणि १५ मिनिटांनी परत मोजा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. २५० च्या वर शुगर असली तर दात काढणं सहसा पुढे ढकलतात, कारण जखम भरत नाही आणि संसर्ग पसरतो.

११. रक्त पातळ होण्याची गोळी चार दिवस बंद करून ये, असं सांगू का?

तुम्ही सांगायचं नाही. पेशंटने मनाने बंद केली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. स्टेंट असलेल्याची इकोस्प्रिन किंवा क्लोपिडोग्रेल बंद झाली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. दाताचं रक्त दाबून थांबवता येतं, तिथलं नाही. एक-दोन दात काढायचे असतील तर गोळी बहुधा चालूच ठेवतात. वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम असेल तर आयएनआरचा (रक्त किती पातळ आहे ते दाखवणाऱ्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट, शक्यतो २४ तासांतला, मागून घ्या. रिपोर्ट नाही तर अपॉइंटमेंट नाही. अशा पेशंटला सकाळी बोलवा, म्हणजे रक्त आलं तर दिवसा येईल. ट्रेवर रक्त थांबवायचं सामान, म्हणजे जेलफोम, टाके आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, तयार ठेवा. दाबायचा गॉज ओला करून घडी घाला. कोरडा गॉज काढताना गुठळीही निघून येते.

१२. झडपेच्या पेशंटला आधी अँटिबायोटिक का? सगळ्याच हृदयाच्या पेशंटना लागतं का?

नाही. स्टेंट, बायपास, बीपी यांना त्यासाठी लागत नाही. कृत्रिम झडप, आधी हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग झालेला असणं, काही जन्मजात दोष, यांना हिरडीतून रक्त येणाऱ्या कामाआधी देतात. नेहमीचा डोस मोठ्यांना अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, कामाआधी ३० ते ६० मिनिटं. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरं औषध, पूर्वी सर्रास दिलं जाणारं क्लिंडामायसिन मात्र अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मध्ये यादीतून काढलं. तुमचं काम: गोळी किती वाजता घेतली ते घड्याळ बघून लिहिणं. "घेतली हो" एवढ्यावर आत सोडू नका.

१३. गरोदर बाईचं काम करतात का?

करतात. चौथा ते सहावा महिना सगळ्यांत सोयीचा. दुखणं आणि पू मात्र कधीही थांबवत नाहीत. शेवटच्या महिन्यांत पाठीवर झोपवलं की गर्भाशयाचा दाब मोठ्या शिरेवर पडून चक्कर येते. उजव्या कुल्ल्याखाली उशी किंवा घडी घातलेला टॉवेल द्या, म्हणजे ती थोडी डावीकडे कलते. एक्स-रे अगदी गरजेचाच, लेड एप्रन घालून. महिने लाजून सांगत नाहीत, म्हणून "पाळी कधी आली होती?" हे बाजूला घेऊन विचारा, सासूबाईंसमोर नको.

१४. दमा, फिट, डायलिसिस, टीबी: थोडक्यात सांगाल का?

दमा: स्वतःचा पंप आणायला सांगा आणि ट्रेवर, हाताशी ठेवा. फिट: आजची गोळी घेतली का ते विचारा. फिट आलीच तर तोंडातलं सगळं बाहेर, खुर्ची खाली, कुशीवर वळवा. दातांत चमचा, कापूस काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांवर गेली तर १०८. डायलिसिस: झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बोलवा, डायलिसिसच्या दिवशी अंगात हेपारिन (रक्त पातळ करणारं औषध) असतं. चालू टीबी: न अडणारं काम छातीच्या डॉक्टरांचं पत्र येईपर्यंत थांबवा. अडलंच तर शेवटचा पेशंट म्हणून घ्या, एन ९५ मास्क घाला, खिडक्या उघड्या ठेवा.

१५. "मला भुलेची ॲलर्जी आहे" असं सांगितलं तर?

नेमकं काय झालं होतं ते विचारा. छातीत धडधड आणि हात थरथरले असतील तर ते बहुधा ॲड्रिनलिन किंवा भीती. डोळ्यांपुढे अंधारी आली असेल तर चक्कर. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घरघरला असेल तरच खरी शंका घ्या. लिग्नोकेनची स्वतःची ॲलर्जी फार दुर्मीळ. बाटलीतल्या मिथाइलपॅराबेनची जास्त शक्य. पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहा आणि पुढचं डॉक्टरांवर सोडा.

खरी जोरदार ॲलर्जी झाली तर डॉक्टर १:१००० ॲड्रिनलिन मागतील: मोठ्यांना ०.५ मिलि, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. ती अँप्युल आणि १ मिलिची सिरिंज एकाच डब्यात, कुलूप न लावता ठेवा. दर महिन्याच्या १ तारखेला एक्स्पायरी आणि ऑक्सिजनचा काटा बघा.

१६. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घ्यायची गोळी किंवा वर्षातून एकदाचं इंजेक्शन, याचा दाताशी काय संबंध?

मोठा आहे. अ‍ॅलेंड्रोनेटच्या गोळ्या आणि झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन घेणाऱ्यांचा दात काढल्यावर जबड्याचं हाड उघडं पडून कुजू शकतं. कॅन्सरसाठी इंजेक्शन घेणाऱ्यांना धोका जास्त. इंजेक्शन वर्षापूर्वीचं असलं तरी औषध हाडात राहतं, म्हणून "सध्या काही चालू नाही" हे उत्तर इथे पुरत नाही. साठीच्या पुढच्या आजींना "हाडांसाठी सलाइन लावली होती का?" असं विचारा.

१७. मूल घरी जाऊन ओठ चावतं. काय सांगायचं?

ओठ-जीभ दोन-तीन तास, कधी जास्तही, बधिर राहते. तोवर खायला द्यायचं नाही, लक्ष ठेवायचं, हे आई-बाबांना सांगा आणि लिहून द्या. मुलाला "तुझा ओठ झोपलाय, उठवू नकोस" म्हटलं की कळतं. चावलेला ओठ दुसऱ्या दिवशी सुजून पांढरा दिसतो आणि लोक पू समजून धावत येतात. बहुधा आपोआप भरतो.

१८. ऑटोक्लेव्ह चालू असताना लाइट गेली. उरलेला वेळ नंतर भरून काढला तर?

नाही, पूर्ण फेरी पहिल्यापासून. १२१ अंशाला १५ पौंड दाबावर पाकिटातल्या हत्यारांना ३० मिनिटं, १३४ अंशाला ३ ते ४ मिनिटं, आणि हा वेळ तापमान गाठल्यानंतरचा. डबा ठासून भरू नका, वाफ आत शिरत नाही. डिस्टिल्ड पाणीच घाला. जत-आटपाडीकडच्या बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षार धरतो. पाकीट ओलं निघालं तर ते निर्जंतुक धरायचं नाही.

१९. पेशंटला वापरलेली सुई मला टोचली. कुणाला सांगू?

लगेच डॉक्टरांना. बोट पिळू नका, चोखू नका, स्पिरिट ओतू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. पेशंटला जाऊ देऊ नका, त्याच्या संमतीने एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, सी तपासता येतं. एचआयव्हीपासून बचावाची औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हावीत आणि ७२ तासांनंतर उपयोग नाही. ती २८ दिवस घ्यायची असतात. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, यांच्या अपघात विभागात थेट जा, रात्र असली तरी. सकाळची वाट बघू नका.

हिपॅटायटिस बीची लस मात्र आधीच झालेली हवी: ०, १ आणि ६ महिन्यांनी तीन डोस, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणी. ती १० च्या वर असली पाहिजे. डोस पूर्ण करून तपासणी न केलेले फार जण आहेत. टोचल्यावर धावपळीत त्यांना आठवतं की आपली लस लागू पडली की नाही हे आपल्याला माहीतच नाही.